‘बरां’ म्हणजे काय ते गंगारामला विचारा

गंगाराम धुरीच्या नेमणुकीच्या कागदावर ‘परिचर’ असं लिहिलं आहे. त्या शब्दाचा अर्थ त्याला स्वतःलाच नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर कळला. तोपर्यंत तो आपल्याला शिपाई समजत होता आणि गाव तर अजूनही तसंच समजतं. काम म्हणाल तर सकाळी केसपेपर फाडून द्यायचे, डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून नंबर पुकारायचे, मध्ये कोणी घुसला तर त्याला हात धरून मागे बसवायचं आणि व्हरांड्यात येणाऱ्या कुत्र्यांशी दिवसभर वैर करायचं. हे झालं कागदावरचं. त्याचं खरं काम निराळंच होतं आणि ते सत्तावीस वर्षांत कुठल्याही साहेबाने कुठल्याही कागदावर लिहिलं नाही.

मालवणहून कट्ट्याकडे निघालं की वाटेत काजूच्या बागेला लागून हे आरोग्य केंद्र आहे. इथे येणारा डॉक्टर हटकून घाटावरचा. कधी बीडचा, कधी परभणीचा, कधी जळगावचा. शिकलेला, हुशार, मराठी अस्खलित बोलणारा, आणि तरी पहिले सहा महिने त्याला पेशंटचं काही म्हणजे काही कळायचं नाही. बरं, शब्द अडतात म्हणावं तर तसंही नाही. डॉक्टर विचारणार, “कसं वाटतंय?” समोरचा म्हणणार, “बरां आसा.” डॉक्टर कागदावर लिहिणार, तक्रार नाही. आणि तोच माणूस बाहेर येऊन बाकावर बसून कण्हणार. आता बोला!

यात खोटं कोणीच बोललेलं नसतं. आमच्याकडे ‘कसां आसा?’ हा प्रश्न तब्येतीचा नव्हेच. तो बाजारात विचारतात, एसटीत विचारतात, देवळाच्या पायरीवर चपला शोधताना विचारतात, आणि त्याला उत्तर एकच. गळ्यात नळी अडकवलेल्या माणसाने विचारला म्हणून ते उत्तर बदलायचं कशाला? उलट एवढा मोठा डॉक्टर, पण आल्या आल्या आपली विचारपूस केली, याचाच म्हाताऱ्यांना आनंद व्हायचा.

मग दारातून गंगाराम तोंड घालायचा. तो ‘कसां आसा’ कधीच विचारत नसे. तो विचारायचा, “काय गो, आज बांगडे कोणी साफ केल्यान?” बाई म्हणायची, “सुनेन.” गंगाराम डॉक्टरांना सांगायचा, “साहेब, हिचे गुडघे गेले. ही बाई जिवंत असताना दुसऱ्या कोणाला सुरीला हात लावू द्यायची नाही.” एखादा गडी ‘मेलंय, मेलंय’ करत, पोट धरून आत शिरायला बघायचा, त्याला तो रांगेत शेवटी बसवायचा. आणि पदर तोंडाला लावून ‘वायच दुखता’, म्हणजे जरासंच दुखतं, असं म्हणणाऱ्या बाईला मात्र नंबर मोडून आत सोडायचा. लोक भांडायचे. गंगाराम त्यांच्याहून मोठ्याने भांडायचा. पण ‘वायच’ म्हणणारी बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी कणकवलीच्या इस्पितळात पोचलेली असायची, म्हणून मग भांडण तिथेच मिटायचं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर तेजस्वी बिरादार आल्या. उदगीरच्या, वय असेल तीसच्या आतबाहेर. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी एक वही केली. माका म्हणजे मला, खंय म्हणजे कुठे, कित्याक म्हणजे कशाला, अशी यादी. जो भेटेल त्याला विचारायच्या आणि लिहून घ्यायच्या. तीन महिन्यांत चारशे शब्द जमा! “काय झाला तुमका?” असं त्या विचारायला लागल्या तेव्हा म्हाताऱ्या खुदकन हसायच्या आणि प्रेमाने सांगायच्या, “काय नाय गो बाये, बरां आसा.” म्हणजे गाडी पुन्हा तिथेच.

गंगाराम त्या वहीकडे बघून मिशीत हसायचा. तेवढा दुष्टपणा त्याच्यात होता.

एक दिवस लुईस रॉड्रिग्ज आला. सत्तरी उलटलेला, उभं आयुष्य बोटीच्या इंजिनखोलीत काढून गावी परतलेला माणूस. बरां आसा, म्हणाला. मॅडमनी नेहमीच्या गोळ्या लिहिल्या. कागद त्याच्या हातात पडणार एवढ्यात दारातून आवाज आला.

“काय रे लुईस, काल सांजेक खुरसाक मेणबत्ती कोणी लावली?”

“नातवान.”

“आणि परवा?”

लुईस खाली बघायला लागला. “तेणांच.”

“मॅडम,” गंगाराम म्हणाला. मॅडमशी तो शुद्ध बोलायचा, निदान त्याचा तसा समज होता. “यांच्या वाडीचा क्रूस टेकाडावर आहे. चाळीस पायऱ्या. बायको गेल्यापासून हा माणूस तिच्या नावाने रोज मेणबत्ती लावतो, पावसातही. तो नातवाला पाठवतो म्हणजे त्याला पायऱ्या चढवत नाहीत. याला दम लागतो.”

मॅडमनी बोटाला यंत्र लावलं, पाठीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. छातीत पाणी भरायला लागलं होतं. लुईसला त्याच दुपारी ओरोसला, जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवलं.

सगळे गेल्यावर मॅडमनी गंगारामला समोर बसवलं. “हे तुम्हाला कसं कळलं?”

“तुमच्या वहीत ‘बरां’ आहे?”

“आहे ना. बरां म्हणजे बरं, ठीक.”

“कोणाचं?”

“म्हणजे?”

“मॅडम, सासू शेजारी उभी असताना सून बरां म्हणते, त्याचा अर्थ, आता विचारू नका. तीच सून एकटी आली आणि बरां म्हणाली, तर त्याचा अर्थ, अजून एकदा विचारा. बाप्या माणूस तुमच्यासमोर बरां म्हणतो तेव्हा तो लाजत असतो. आणि एसटीची वेळ झालेली असताना कोणी बरां म्हटलं तर त्याचा अर्थ, सोडा मला, गाडी चुकेल. आता यातला कुठला बरां तुम्ही वहीत लिहिलात? नुसता शब्द उचलून आणलात, तर मासा पाण्याबाहेर काढून तो कसा पोहत होता ते विचारण्यासारखं झालं.”

मॅडम हसल्या नाहीत, हे गंगारामला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी वहीत रेघा मारलेल्या दिसल्या. शब्दापुढे तीन रकाने. कोण बोललं, कोणाला बोललं आणि त्या वेळी जवळ कोण होतं. गंगारामने ते पाहिलं आणि घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने भाजी चिरता चिरता “कळला, कळला” म्हटलं.

हे सगळं सांगितलं ते त्याची फुशारकी मारायला नव्हे. यंदा जत्रेनंतरच्या बुधवारी हाच जाणता माणूस साफ चुकला, आणि चुकला तो सख्ख्या बहिणीच्या जिवाशी गाठ असताना.

सावित्री त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. गंगाराम तीन वर्षांचा असताना बाप गेला. आई दिवसभर लोकांच्या शेतात, त्यामुळे त्याला कडेवर घेऊन फिरवलं ते सावित्रीनेच. त्याच्या डोक्याला तेल तिने लावलं, पहिल्यांदा शाळेत नेऊन बसवलं तेही तिने, आणि तो रडतो म्हणून खिडकीखाली दोन तास उभी राहिली तीही तीच. तो तिला ‘बाय’ म्हणतो. ती त्याला ‘गंगा’ म्हणते, छप्पन्न वर्षांच्या मिशाळ माणसाला, चारचौघांत. ती दिलेली कट्ट्याच्या पलीकडे, सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या गावात. नवरा बाळा राऊळ, काजूची बाग, आंब्याची थोडी झाडं. पोरं मुंबईला.

गावच्या देवीच्या जत्रेला माहेरवाशिणी ओटी भरायला येतात, तशी यंदाही ती आली. चार दिवस राहिली. बुधवारी पहाटे गंगाराम उठला तर बाय आधीच उठलेली. तुळशीला पाणी घातलेलं, चुलीवर घावणे चाललेले, आणि विहिरीकडच्या दगडावर बांगडे साफ करून झाकून ठेवलेले. गंगारामने चहा पिता पिता हे सगळं बघितलं आणि मनातल्या मनात एकेक खूण केली. माणूस स्वतःच्या घरात तरी धंदा बंद ठेवील की नाही? पण नाही. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. बहीण खणखणीत!

“तुझे प्रेशरचे गोळ्ये संपले मा? चल माझ्याबरोबर, मॅडमकडसून घेवया,” तो म्हणाला आणि तिला मोटारसायकलवर मागे बसवून केंद्रात घेऊन आला.

मॅडमनी प्रेशर तपासलं. थोडं वर होतं. “कसं वाटतंय, आजी?”

“बरां आसा.”

“चढ चढताना दम लागतो? छातीत काही?”

“नाय गो बाये. माका काय एक नाय.”

“मॅडम, ही माझी बहीण,” गंगाराम दारातून कौतुकाने म्हणाला. “हिच्या ‘बरां’मध्ये काही शोधू नका. पहाटे चारला उठून तीस घावणे काढलेत तिने. हिचा बरां म्हणजे बरां. मी लिहून देतो.”

मॅडम सावित्रीकडे बघत होत्या. सावित्रीने प्रत्येक उत्तर देण्याआधी दाराकडे बघितलं होतं, प्रत्येक वेळी, अगदी नाव सांगतानासुद्धा. गंगाराम दारातच उभा असल्यामुळे त्याला ते दिसलं नाही. त्याला वाटलं, बाय आपल्याकडेच बघून हसतेय. हसत होती हेही खरंच.

“गंगाराम,” मॅडम म्हणाल्या, “जरा बाहेर थांबता?”

“कोण, मी?”

“आणि दार लावून घ्या.”

सत्तावीस वर्षांत अकरा डॉक्टर झाले. एकानेही गंगारामला बाहेर काढलं नव्हतं. बायकांच्या तपासणीला तो आपण होऊन पाठ फिरवून पायरीवर जाऊन उभा राहायचा, ती गोष्ट वेगळी. पण सख्ख्या बहिणीचं नुसतं बोलणं चाललं असताना बाहेर? त्याचे कान तापले.

“मॅडम, मी नसलो तर तिचं तुम्हाला समजायचं नाही.”

“नाही समजलं तर बोलावीन.”

काय करणार? दार लावून तो बाकावर येऊन बसला. ज्या बाकावर त्याने आयुष्यभर लोकांना बसवलं तो बाक एवढा अरुंद आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. शेजारी खालच्या वाडीतली सीताकाकू गुडघ्याला फडकं बांधून बसली होती.

“काय रे, आज तुकाच भायर काढल्यानी?”

“भैण आसा आत. जत्रेक इली हा.”

“सावित्री? कशी आसा ती?”

“बरी आसा,” गंगाराम म्हणाला.

“मगे तू असो तोंड पाडून कित्याक बसलंस?”

पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून मॅडमचा आवाज येत नव्हता, येत होता तो बायचा. हळू, पण सलग. बाय एवढं बोलते? गंगारामने डोक्याला ताण दिला. बाय त्याच्याशी सलग कधी बोलली होती? जत्रेचं बोलायची, पोरांचं बोलायची, काजूला मोहर कसा आलाय ते सांगायची. स्वतःचं म्हणून तिने शेवटचं काय सांगितलं होतं?

आणि मग ते आठवलंच. आठवू नये म्हणून त्याने बरीच वर्षं ते नीट रचून ठेवलं होतं, पण आठवलं.

नोकरी लागायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. चतुर्थीला बाय माहेरी आली होती आणि ओट्यावर बसून हात चोळत म्हणाली होती, “हात दुखतत रे, गंगा.” एवढंच. सासरी दिराचं लग्न होऊन गेलं होतं, आठवडाभर तिने विहिरीचं पाणी ओढलं होतं. गंगाराम तेव्हा अठ्ठावीसचा, अंगात रग. तो उठला, दोन मित्रांना घेतलं, आणि थेट राऊळांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात जाऊन उभा राहिला. “माझी भैण म्हणजे काय गुरां वाटली तुमका?” असा जो आवाज लावला तो अर्ध्या वाडीने ऐकला. बाळा राऊळ तेव्हा खाली मान घालून उभा होता. बोलली ती त्याची आई, आणि तिने बोलायचं ते कमीच बोलून करायचं ते केलं. पुढची पाच वर्षं सावित्रीचं माहेर बंद. चतुर्थी नाही, जत्रा नाही. तिसऱ्या वर्षी आई गेली, तेव्हा बाय आली ती सकाळी, आणि संध्याकाळी परत. आईचा हात हातात घेऊन बसली होती, पण तो हात तेव्हा गार झालेला होता.

सासू वारल्यावर येणं-जाणं सुरू झालं. आणि तेव्हापासून बायला कधीही विचारा, बरां आसा. गंगाराम मित्रांना छाती फुगवून सांगायचा, “बगलास? एकदा दम भरलंय तर कसे सुतासारखे सरळ झाले!” तेवीस वर्षं तो ते ‘बरां’ स्वतःच्या मर्दुमकीची पावती म्हणून घेत होता.

हात दुखतात म्हणाली होती ती. तिला काय हवं होतं? आईने कोमट तेल आणून चोळून दिलं असतं, भावाने शेजारी बसून ‘व्हय गो’ म्हटलं असतं, झालं असतं. तिने दुखणं सांगितलं आणि त्याने लढाईची हाक ऐकली. मग तिने काय करावं? त्याच्यापाशी दुखतं म्हणायचं म्हणजे कोणाच्या तरी खळ्यात भांडण लावायचं, असा त्या शब्दाचा अर्थ त्यानेच करून ठेवला होता. सगळ्या गावाला विचारत होता, बाजूला कोण उभं होतं, बाजूला कोण उभं होतं. अरे, बायच्या बाजूला तूच उभा होतास ना!

दार उघडलं. आतल्या दाराने आलेली केंद्रातली नर्स, अपेक्षा सिस्टर, ईसीजीची पट्टी मॅडमच्या टेबलावर ठेवत होती, आणि मॅडम घाईने बाहेर आल्या.

“गंगाराम, एकशेआठला फोन करा. आत्ताच्या आत्ता.”

त्याने फोन केला. गाडी कट्ट्याजवळ आहे, वीस-पंचवीस मिनिटांत येते म्हणाले. मग बाळा राऊळला फोन केला. तोही वाटेतच होता, बायकोला न्यायला म्हणून स्कूटरवर निघालेला.

“काय झालंय तिला?” त्याने मॅडमना विचारलं.

“हार्टचा त्रास आहे. ईसीजीत दिसतोय. अकरा दिवस छातीत दुखतंय, डावा हात जड होतोय. काल देवळाच्या चढावर तीनदा बसल्या. आज पहाटे घावणे केले म्हणालात ना, ते दुखत असताना केलेत. पाटावर बसून, मध्ये मध्ये थांबून. मी गोळ्या दिल्यात, पण पुढे न्यायलाच हवं.”

“अकरा दिवस! माका कित्याक नाय सांगल्यान?” शुद्ध बोलायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

मॅडमनी दार मागे ओढून घेतलं. “तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात. पण तुम्हाला कळायला हवं असं मला वाटतं. म्हणाल्या, तेका दुखता म्हटलां तर तो उठान भांडूक जाता.”

नोकरीत पहिल्यांदा गंगारामने कोणाचं बोलणं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते इतकं सोपं होतं की त्यात उलगडून सांगायला काहीच नव्हतं.

बाळा राऊळ आला. टोपी हातात, तोंड पांढरंफटक. या दोघांचं अठ्ठावीस वर्षांचं बोलणं म्हणजे ‘या, बसा’, ‘बरं आहे ना’, ‘निघतो मग’. सगळं तहसीलदाराच्या कचेरीत बोलावं तसं, पुस्तकी. भांडण कधीच मिटलं होतं, पण मालवणी काही परत आली नव्हती.

गंगारामच्या छातीत जुनी रग उसळली. अकरा दिवस बायको दुखणं काढते आणि या माणसाला पत्ता नाही? जिभेच्या टोकावर शब्द आले होते. तेवढ्यात बाळाच बोलला, आणि त्याच्या घाबऱ्या तोंडातून पुस्तकी काही निघालं नाही.

“माका सांगल्यान होता रे. छातीत चमका येतत म्हणान. मी म्हटलंय, उद्याच कणकवलेक जावया. तर म्हणाक लागली, आदी जत्रा होवंदे. यंदा गेलंय नाय तर गंगाक वाटतला, तुमीच धाडूक नाय. पाया पडलंय तिच्या. ऐकलीच नाय.” आणि तो व्हरांड्यात सगळ्यांसमोर रडायला लागला.

म्हणजे नवऱ्याला दुखणं सांगितलं होतं तिने. तिथे ‘दुखता’ म्हणजे दुखताच होतं. अडलं होतं ते गंगारामपाशी. देवीच्या ओटीसाठी नव्हे, तो पुन्हा कोणाच्या खळ्यात जाऊन ओरडू नये म्हणून ही बाई अशी छाती घेऊन चार दिवस माहेरी हसत बसली होती. गंगारामच्या तोंडातले शब्द तोंडातच विरून गेले. त्याने बाळाच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनाही काय करावं ते कळेना, म्हणून हात तिथेच राहिला.

गाडी आली. स्ट्रेचरवरून बायला बाहेर आणलं. बरोबर एकालाच बसता येईल, असं गाडीतल्या माणसाने सांगितलं. बाळा आपण होऊनच दोन पावलं मागे सरकला. माहेर गंगारामचं, केंद्र गंगारामचं, ओळखी गंगारामच्या. सगळे धरून चालले होते की तोच बसणार. बायही त्याच्याकडेच बघत होती, आणि त्या बघण्यात भीती होती. मरणाची नव्हे. आता हा इथे काय बोलेल, याची. स्वतःची बहीण आपल्याला भिते हे त्या क्षणी गंगारामने पाहिलं, आणि इतकं वाईट त्याला आईच्या वेळीही वाटलं नव्हतं.

“भावजी,” तो बाळाला म्हणाला, “तुमी बसा तिच्यावांगडा. तिका तुमच्याकडे बोलाक येता. मी तुमची स्कूटर घेवन मागसून येतंय.”

बायने डोळे मिटले. गाडी वळून रस्त्याला लागली तेव्हा तिचा हात बाळाच्या हातात होता.

ओरोसहून तिला गोव्याला नेलं, आणि छातीत स्टेंट घातला. दोन दिवस तिथे राहून, आता धोका नाही असं ऐकल्यावर गंगाराम परतला आणि कामावर रुजू झाला. केसपेपर फाडले, नंबर पुकारले, कुत्र्यांना हाकललं. दारातून मात्र तो कमी बोलत होता. एखादा पेशंट उत्तर देण्याआधी आपल्याकडे बघतो असं दिसलं की मॅडमनी सांगायच्या आधी बाहेर जाऊन उभा राहायचा. लोक म्हणाले, गंगाराम बदललो. सीताकाकू म्हणाली, रिटायर होवची वेळ इली, दुसरां काय?

पाचव्या दिवशी सकाळी, ऐन गर्दीत, त्याचा फोन वाजला. बाय. तो कोपऱ्यात गेला. विचारावं काय ते त्याला सुचेना. सत्तावीस वर्षांचे सगळे हुकमी प्रश्न होते, बांगड्यांचे, तुळशीचे, पण बायला त्यातलं काही विचारायचं नव्हतं. तो नुसता ‘हॅलो’ म्हणाला.

“गंगा,” पलीकडून आवाज आला, “दुखता रे माका.”

गंगारामच्या तोंडात आलंच होतं, कोणी काय केल्यान, मी आत्ता येतंय. ते त्याने घोट गिळावा तसं गिळलं.

“व्हय गो बाय,” तो म्हणाला.

पलीकडे ती वाट बघत होती, आता हा भडकेल, आता उठेल. तो काहीच करत नाही असं दिसल्यावर मग जे सुरू झालं! हात टोचून टोचून काळा केलाय. पेज म्हणून देतात ती नुसतं पाणी. शेजारच्या खाटेवरची म्हातारी नातवाच्या नावाने सारखी ओरडते. आणि तुझे भावजी, दिवसा खुर्चीत बसून असे घोरतात की नर्स येऊन त्यांना हलवते. बोलता बोलता ती रडली, रडता रडता हसली आणि पुन्हा पेजेवर आली.

गंगाराम बाकावर जाऊन बसला होता. सीताकाकूने सरकून त्याला जागा करून दिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत मिशीत उतरत होतं आणि त्याला ते पुसायचं भानही नव्हतं. मॅडम दाराशी आल्या, त्याला बघितलं, आणि पुढचा नंबर त्यांनी स्वतःच पुकारला.

“आणि पाठ?” गंगारामने विचारलं. “पाठ दुखता काय गो?”

“पाठीचा तर इचारूच नको!” बाय म्हणाली, आणि पाठीचं सांगायला लागली.